पंचांभोवतीचा घोळका

प्रश्न : व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळाडू पंचांना घेरून हुज्जत घालतात. त्यांना आवर घालणारा नियम नाही का?

उत्तर : नियम पूर्वीपासून आहे, शब्दांनी किंवा कृतीने नाराजी दाखवणाऱ्यास पिवळे कार्ड मिळते. अडचण अंमलबजावणीची आहे, कारण सात-आठ जण एकदम धावून आल्यावर कार्ड कोणाकोणाला दाखवायचे? म्हणूनच 2024 च्या युरो स्पर्धेत, जर्मनीत, निर्णयाबद्दल विचारणा करण्यासाठी केवळ कर्णधारानेच पंचांकडे जावे, असे युरोपीय महासंघाने ठरवले. कर्णधार गोलरक्षक असेल, तर त्याने मैदान ओलांडून धावत येऊ नये म्हणून दुसरा खेळाडू नेमण्याची सोयही ठेवली, हा बारकावा मला विशेष आवडला.

अंगाला हात लावणे हा मात्र वेगळा गुन्हा ठरतो. मार्च 2023 मध्ये एफए कप या इंग्लंडमधील स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात, मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर, पाहुणा फुलहॅम संघ 1-0 ने पुढे असताना त्याच्या विल्यनचा हँडबॉल (चेंडूला हात लावणे) व्हिडिओवर तपासला गेला. त्या गदारोळात फुलहॅमचाच खेळाडू मित्रोविच याने पंच ख्रिस कॅव्हाना यांचा दंड धरला आणि त्याच्यावर 8 सामन्यांची बंदी आली. काही क्षणांत विल्यन, मित्रोविच आणि प्रशिक्षक मार्को सिल्व्हा असे तिघेही लाल कार्ड मिळून बाहेर गेले, आणि हातात आलेला सामना फुलहॅमने 3-1 असा घालवला. त्याआधी 1998 मध्ये इंग्लंडमध्येच पंचांना ढकलणाऱ्या पाओलो दी कानिओ या इटालियन खेळाडूला 11 सामने बाहेर बसावे लागले होते. 25 वर्षांनंतरची शिक्षा त्याहून सौम्य का, हे मला तरी उमगलेले नाही.