पहिली रहस्यकथा? घरातल्या पत्र्यापासून सुरू करा

मुलांसाठी रहस्यकथा लिहायचीय, तीही मेक्सिकन कुटुंबाची आणि चित्रांची? झकास विषय, लिहाच. फक्त चोरीला गेलेलं जगप्रसिद्ध चित्र नको. नवखे हमखास तिथेच अडकतात. मग पोलीस, संग्रहालय, अलार्म... आणि कुटुंबातली आजी बाजूलाच पडते.

त्यापेक्षा आजीच्या ट्रंकेतलं एक्स-व्होटो घ्या. नवस फेडायला पत्र्यावर रंगवलेलं छोटं चित्र: वर प्रसंग आणि संत, खाली दोन-चार ओळींत कुणाचं कोणतं संकट टळलं ते, बहुधा गाव आणि तारीखही. धागा आयताच हातात! नावाचा अर्धा भाग गंजलेला ठेवा, बाकी मुलं शोधतील.

आणखी दोन गोष्टी:

- तिकडे माणसाला सहसा दोन आडनावं, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. एवढ्यावर आख्खं कोडं उभं राहतं.
- १-२ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस नुसता शोभेला नको. ओफ्रेंदावर, म्हणजे पूर्वजांसाठी मांडलेल्या वेदीवर, कुणाचा फोटो नाही? (वेदीवरचा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, बरं का.)

उत्तर मोठ्यांच्या तोंडी देऊ नका, नातीलाच सापडू दे. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराची भित्तिचित्रं पुढच्या कथेला ठेवा. पहिलं प्रकरण झालं की दाखवा.