आजी बोलत नाही, पण आरती म्हणते!

प्रश्न : आजीला लकवा झाला, उजवा हात गेला आणि बोलणंही. पोहे हवेत का विचारलं तर मान हलवते, पण शब्द फुटत नाही. आरती मात्र सगळ्यांबरोबर म्हणते! काका म्हणतात नाटक आहे. – एक नात, इंदूर

उत्तर : काकांना आधी गप्प करा. मेंदूचं बाहेरचं आवरण म्हणजे कॉर्टेक्स, जेमतेम २ ते ४ मिलीमीटर जाड, पण घड्या घालून कवटीत कोंबलेलं, आणि त्यात कामांच्या जागा वाटलेल्या. बोलणं जुळवायची जागा बहुतेकांची डावीकडे, कपाळाच्या मागे. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरनं ती एका पेशंटच्या मेंदूवरून दाखवली, तो बिचारा फक्त ‘टॅन’ एवढंच बोलायचा. उजवा हात हलवणारा भागही तिथेच शेजारी, म्हणून लकव्यात मेंदूच्या त्या भागाला इजा झाली आणि दोन्ही एकदम गेलं. समजण्याची जागा जरा मागे, कानाच्या वर, ती वाचलेली दिसतेय. पाठ असलेलं गाताना मेंदूची उजवी बाजूही कामाला लागते ना, म्हणून आरती निघते. स्पीच थेरपिस्टना हे नक्की सांगा, सुरात शब्द म्हणवून घ्यायची एक पद्धतच आहे, ‘पाणी दे’पासून सुरू करता येईल.