वाचकांचे प्रश्न : मोटारसायकलचे फायबर फेअरिंग

प्रश्न : माझ्याकडे २०१० सालची, पूर्ण फेअरिंग (वारा कापणारे बाहेरचे आवरण) असलेली १५० सीसीची मोटारसायकल आहे. तिच्यावरून मी रोज भुसावळहून जळगावच्या एमआयडीसीत कामाला जातो. गेल्या पावसाळ्यात गाडी घसरून डाव्या बाजूचे पॅनेल फुटले. कंपनीचे मूळ पॅनेल आता मिळत नाही, म्हणून बाजारातून फायबरचा पूर्ण संच घेण्याचा विचार आहे. परंतु असा संच वर्षभरात तडकतो, असे अनेकांनी सांगितले. तो घ्यावा का, आणि घेतल्यास आतून काचतंतूंच्या मॅटचे आणखी दोन-तीन थर चढवून मजबूत करून घ्यावा का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : संच घेण्यास हरकत नाही, मात्र आतून सरसकट थर चढवू नयेत. फायबरचे पॅनेल चालत्या गाडीवर सहसा मधोमध फुटत नाही. ते बोल्टापाशी तडकते आणि मग तड आत सरकत जाते. आता थरांचा हिशेब पाहा. एक चौरस मीटर क्षेत्रावर ४५० ग्रॅमची मॅट आणि तिच्या सव्वादोन पट रेझिन (तंतू बांधून कडक होणारा चिकट द्रव) धरले, तर एका थराचे वजन सुमारे दीड किलो होते. संचाचे आतले क्षेत्र दीड चौरस मीटर धरले, तरी तीन थरांचे साडेसहा किलो भरतात. हे सगळे वजन जुन्याच बोल्टांवर टांगले जाणार आणि इंजिनाच्या प्रत्येक कंपनाबरोबर त्यांनाच ओढणार. म्हणजे ज्या जागेला बळ हवे होते, तिच्यावरचा भार तेवढा वाढतो.

आधी निवडीविषयी. आपल्याकडे ‘फायबर’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. काचतंतूंची मॅट रेझिनमध्ये बसवून केलेल्या खऱ्या फायबरला तर फायबर म्हणतातच, पण एबीएस आणि पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकलाही दुकानात तोच शब्द ऐकू येतो. म्हणून पॅनेल उलटे करून पाहावे. पाठ गुळगुळीत असून तिच्यावर एबीएस किंवा पीपी अशी अक्षरे उठवलेली असतील, तर ते प्लॅस्टिक आहे. आडवेतिडवे तंतू दिसत असतील आणि हाताला खरखर लागत असेल, तर ते फायबर आहे. एबीएसचा नीट बसणारा संच मिळत असेल, तर रोजच्या वापरासाठी मी तोच घ्यायला सांगेन, कारण एबीएस आधी वाकते आणि मग फुटते, तर फायबर पडल्यावर धारदार कडा काढून चिरफाळते. फायबरच्या बाजूने मोठी गोष्ट अशी की त्याची दुरुस्ती आपल्या गावात, थोड्या साहित्यात आणि मूळच्या ताकदीइतकी होऊ शकते.

खऱ्या फायबरमध्येही चांगले-वाईट ओळखता येते. पॅनेल दोन्ही हातांत धरून उन्हाकडे करावे. जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) पातळ असेल, तर आतले हवेचे बुडबुडे फिकट ठिपक्यांसारखे दिसतात. उजेड आरपार येत नसेल, तर नाण्याने सगळीकडे टकटक करत जावे. जिथे आवाज एकाएकी बद्द होतो, तिथे थर सुटलेले असण्याची शक्यता असते. कोपऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. मॅट तीव्र वळणात नीट दाबली गेली नसेल, तर तिथे नुसते रेझिन साचते आणि तंतूंविना रेझिन काचेसारखे ठिसूळ असते. कापलेल्या कडेची जाडी मोजावी. ३०० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण पाऊण मिलिमीटर भरतो, त्यामुळे कड दोन मिलिमीटरच्या आत असेल तर दोनच थर आहेत असे समजावे. पॅनेलला रेझिनचा उग्र वास येत असेल, तर ते पुरते पिकलेले, म्हणजे आतून कडक झालेले नाही. रंग देण्याची घाई न करता ते आठ-पंधरा दिवस नीट आधार देऊन ठेवावे. शर्यतीसाठी केलेला संच चुकूनही घेऊ नये. त्यात हेडलाइटची जागा बंद असते आणि खालचा भाग इंजिन फुटल्यास तेल अडवण्यासाठी पातेल्यासारखा बंद केलेला असतो. रस्त्यावर त्यात चिखलपाणी साचते.

आता बळकटीविषयी, आणि इथे मला माझा अनुभव सांगितलाच पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी असाच एक संच आणला. उजव्या पॅनेलचे पुढचे छिद्र ब्रॅकेटच्या छिद्राशी जुळत नव्हते. फरक जेमतेम आठ मिलिमीटरचा होता. विक्रेत्याने पॅनेल हाताने ओढून बोल्ट आवळला आणि मीही ते चालवून घेतले. महिन्याभरात त्या बोल्टापासून नखाला लागेल इतकी बारीक रेघ निघाली. मी ती रंगाची समजलो. पुढे चाळीसगावहून कन्नड घाट चढताना पॅनेल थरथरू लागले, आणि थांबून पाहिले तेव्हा त्या रेघेत पोस्टकार्ड शिरेल एवढी फट पडलेली होती. फायबर ओढून बसवले की त्यात ताण कायमचा कोंडला जातो. रस्त्यावरचा प्रत्येक दणका त्या ताणात भर घालतो. यासाठी आधी सगळे बोल्ट सैल लावून पॅनेल त्याच्या सहज जागी बसू द्यावे, जे छिद्र जुळत नसेल ते बुजवून नव्या जागी पाडावे, आणि मगच आवळावे.

नवे छिद्र पाडताना वरून चिकटपट्टी लावावी, मागे लाकडाचा ठोकळा धरावा, आधी ३ मिलिमीटरचे आणि मग मोठे छिद्र पाडावे. बोल्ट ६ मिलिमीटरचा असेल, तर छिद्र १० मिलिमीटरचे करून त्यात रबराचा ग्रोमेट (खाचेचे कडे) बसवावा आणि ग्रोमेटच्या आत धातूची छोटी नळी घालावी. बोल्ट त्या नळीवर आवळला जातो, फायबर चिरडत नाही आणि पॅनेलला थोडे हलायला वाव राहतो. वर रुंद वॉशर द्यावा. हेडलाइट आणि आरसे लोखंडी ब्रॅकेटवरच असावेत. त्यांचे वजन फायबरवर अजिबात टाकू नये.

छिद्रे पाडण्यापूर्वी प्रत्येक बोल्टाच्या जागी आतून तीन गोल तुकडे चढवावेत : ३०० ग्रॅमच्या मॅटचा पहिला तुकडा ७० मिलिमीटरचा, त्यावर ५५ चा, त्यावर ४० चा. तिन्ही एकाच मापाचे घेतल्यास जाडी एकदम संपते आणि पुढे त्या कडेवरच तड जाते; उतरत्या मापांनी जाडी हळूहळू पातळ होते. थर देण्याआधी आतली बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासावी आणि ॲसिटोनने पुसावी. हे घासणे बहुतेक ठिकाणी टाळले जाते, आणि बहुतेक थर त्यामुळेच सुटतात.

मोठे सपाट पॅनेल वाऱ्याने फडफडत असेल, तर त्याला एक-दोन फासळ्या द्याव्यात. त्यासाठी आपल्या भागात उत्तम वस्तू फुकट मिळते : ठिबक सिंचनाची १६ मिलिमीटरची जुनी लॅटरल नळी. तिचा हातभर तुकडा उभा चिरून अर्धगोल पालथा ठेवावा आणि त्यावरून मॅटचे दोन थर असे द्यावेत की दोन्ही बाजूंना किमान २५ मिलिमीटर मॅट पॅनेलला चिकटेल. रेझिन त्या नळीला धरत नाही, पण धरण्याची गरजही नाही. नळी केवळ साचा आहे, बळ तिच्यावरच्या कमानीचे असते. दोन थर एकाच बैठकीत देऊ नयेत. पॉलिस्टर रेझिन पिकताना आकसते आणि जाड थर एकदम दिल्यास फासळीची खूण पॅनेलच्या दर्शनी बाजूवर उमटते.

प्रश्न : माझे कूलरच्या फायबर बॉडी दुरुस्त करण्याचे काम आहे. आता मोटारसायकलची पॅनेलही येऊ लागली आहेत. काही पॅनेलवरचे ठिगळ दोन महिन्यांत सुटून येते आणि मे महिन्यात रेझिन डब्यातच घट्ट होते. नेहमीच्या पॉलिस्टरऐवजी इपॉक्सी रेझिन वापरल्यास दोन्ही अडचणी सुटतील का?
— एक कारागीर, अमळनेर

उत्तर : सुटून आलेली पॅनेल बहुधा एबीएसची किंवा पॉलिप्रॉपिलीनची असावीत. पॉलिस्टर रेझिनमधले स्टायरीन हे द्रावक एबीएसला खाते, आणि पॉलिप्रॉपिलीनला तर ते मुळात धरतच नाही. अशा पॅनेलसाठी प्लॅस्टिक वेल्डिंग हा भरवशाचा मार्ग आहे. खऱ्या फायबरवर इपॉक्सी पॉलिस्टरपेक्षा घट्ट धरते, पण तिच्याबरोबर कूलरची मॅट वापरू नये. त्या मॅटमधला तंतू बांधणारा पदार्थ स्टायरीनमध्ये विरघळतो; इपॉक्सीत स्टायरीन नसल्याने मॅट कडक राहते आणि वळणावर बसत नाही. इपॉक्सीबरोबर विणलेले कापड घ्यावे. इपॉक्सीवर नंतर पॉलिस्टर किंवा जेलकोट देऊ नये, तो नीट धरत नाही.

तड दुरुस्त करताना तिच्या टोकाला ३ मिलिमीटरचे छिद्र पाडावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग आतून तडेच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या बारा पट रुंद उतार घासून काढावा. अडीच मिलिमीटरच्या पॅनेलला हा उतार प्रत्येक बाजूला तीन सेंटिमीटरचा होतो. नुसती पुट्टी भरून रंग दिलेली तड पुन्हा उघडते.

उन्हाळ्यात काम पहाटे करावे, रेझिन थोडे थोडे कालवावे आणि पसरट भांड्यात घ्यावे, कारण खोल डब्यात त्याची उष्णता कोंडते आणि धूर निघेपर्यंत तापते. पॉलिस्टरचे हार्डनर (ते पिकवणारे द्रव्य) रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के असते. उन्हाळ्यात एक टक्क्याकडे राहावे, त्याखाली जाऊ नये, नाहीतर रेझिन अर्धे कच्चे राहते. एक गोष्ट आपल्याला ठाऊक असेल, तरी मी ती पुन्हा लिहितो, कारण नव्या मुलाच्या हातून ती घडू शकते : कोबाल्ट (पिकण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, मग हार्डनर घालावे. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, तेव्हा चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नये आणि घासताना एन-९५ मास्क काढू नये.

आपल्या उन्हाचा एक उपयोगही आहे. साधे पॉलिस्टर सुमारे ६० ते ७० अंशांना नरम पडू लागते, आणि साध्या तापमानात पिकलेली इपॉक्सी त्याहूनही आधी. दुरुस्त केलेले पॅनेल एक दिवस सावलीत ठेवून मग गाडीवर बसवलेल्या स्थितीतच दोन-तीन दिवस उन्हात ठेवले, तर रेझिन अधिक पिकते आणि पुढची उष्णता सोसते. सुटे पॅनेल मात्र उन्हात भिंतीला टेकवून ठेवू नये. ते वाकते आणि तसेच राहते.

प्रश्न : माझी गाडी एअर-कूल्ड आहे आणि तिला पुढे अर्धे फेअरिंग आहे. फायबरचे पूर्ण फेअरिंग बनवून घेतले तर चालेल का?
— एक वाचक, साक्री

उत्तर : नाही. आपल्या गाडीचे इंजिन त्याच्या पात्यांवरून जाणाऱ्या वाऱ्याने थंड होते. तो वारा अडवला, तर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर गेलेल्या दुपारी इंजिनाचे हाल होतील. दुसरे कारण आपल्या तालुक्यातच उभे आहे. ज्या वाऱ्यासाठी ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभारल्या, तोच वारा उघड्या माळावर पूर्ण फेअरिंगला बाजूने ढकलतो. पुढचे चाकही झाकणारी फेअरिंग शर्यतीत १९५७ च्या हंगामानंतर बंद झाली, त्यात बाजूच्या वाऱ्याचा धोका हे एक कारण होते.

कायद्याचेही पाहावे लागेल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापासून वेगळे होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. फुटलेल्या पॅनेलच्या जागी त्याच आकाराचे पॅनेल बसवणे वेगळे आणि गाडीचे रूप बदलणे वेगळे. भुसावळच्या वाचकांनीही एवढे लक्षात ठेवावे की नव्या संचाचा रंग आरसी बुकातल्या रंगाहून वेगळा असेल, तर तो आधी आरटीओत नोंदवावा लागेल.