छंदाचे सीएनसी यंत्र (संगणकाच्या आज्ञांवर कोरणारे) तयार सॉफ्टवेअरशिवाय, थेट कमांड लाइनवरून, म्हणजे अक्षरी आज्ञा देऊन, चालवता येते का? त्यात काही फायदा आहे का?

येते, आणि तुमच्या यंत्रात ग्रबल (आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चालणारा, मोटारी हलवणारा प्रोग्राम) असेल तर ते तसेच चालवावे असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्राशी बोलणारा सिरियल पोर्ट १,१५,२०० बॉड या वेगावर उघडावा, पोर्ट उघडताच आर्डुइनो रिसेट होतो म्हणून दोन सेकंद थांबावे, जी-कोडची (यंत्राला हालचाली सांगणाऱ्या आज्ञांची) एक ओळ पाठवावी आणि 'ओके' आले की पुढची पाठवावी. पायथॉनमध्ये हे वीस-पंचवीस ओळींचे काम आहे. फायद्याचे मात्र सविस्तर सांगावे लागेल, कारण त्यावरून आमच्या घरात तीन वर्षे वाद चालू आहे.

आर्वी तालुक्यातील आमच्या गावी मी आणि माझे मावसभाऊ, ज्यांना मी दादा म्हणतो, तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लहान मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्यासाठी, सागवानी बैल करतो. बैल दादा हाताने घडवतात. तो ज्या चाकांच्या पाटावर उभा राहतो, त्या पाटावरची वेलबुट्टी यंत्र कोरते. वाद सुरू झाला त्या वर्षी पोळा आठ दिवसांवर आला होता आणि पाट बटणे-खिडक्यांच्या तयार सॉफ्टवेअरवर कोरला जात होता. दुपारी लाइन गेली. स्पिंडल (कापणारी बिट फिरवणारा भाग) थांबला, तो सरकवणाऱ्या मोटारी निर्जीव झाल्या, पण आर्डुइनोला वीज लॅपटॉपच्या यूएसबीतून मिळत होती आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. त्यामुळे ग्रबल न झालेल्या हालचाली मोजत राहिला, 'ओके' देत राहिला आणि पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकत राहिली. मी बंद करायला उठलो तेव्हा दादा पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "चालू हाये ना, मंग चालू दे."

मिनिटभरात लाइन आली. बिट वर उचलण्याची आज्ञा वीज नसतानाच वाया गेली होती, त्यामुळे लाकडात रुतलेली बिट तशीच आडवी निघाली आणि वेलीच्या देठापासून पाटाच्या कडेपर्यंत तिने बोटभर रुंदीची फाडलेली रेघ ओढली. त्या रेघेच्या दोन्ही कडांना सागाचे तंतू उभे राहिले होते. तो पाट वाया गेला.

दादांचे म्हणणे तेव्हापासून एकच आहे : दोष विजेचा, कमांड लाइनवरूनही हेच झाले असते. साध्या स्क्रिप्टबाबत ते खरे आहे, कारण 'ओके' म्हणजे ओळ स्वीकारली एवढेच. ती कापून झाली असा त्याचा अर्थ नाही आणि मोटारींना वीज आहे की नाही हे ग्रबलला कळतच नाही. परंतु तयार सॉफ्टवेअरला मी हे शिकवू शकत नव्हतो, स्वतःच्या स्क्रिप्टला शिकवले. लिनक्समध्ये चार्जरला वीज मिळते आहे की नाही हे एका छोट्या फाइलीत एक किंवा शून्य असे लिहिलेले असते. माझी स्क्रिप्ट 'ओके'ची वाट पाहताना ती फाइल सतत वाचते. शून्य दिसताच 'थांब' या अर्थाचे उद्गारचिन्ह पाठवते, जे ग्रबल रांगेत न ठेवता ताबडतोब मानतो, आणि हालचाल थांबली की कंट्रोल-एक्स पाठवून रिसेट करते. रिसेटमुळे स्पिंडलची आज्ञाही रद्द होते, म्हणून लाइन आल्यावर काहीच आपोआप फिरत नाही.

त्यानंतर बिट हाताने वर घ्यावी, डॉलर चिन्ह आणि एच देऊन होमिंग करावे, म्हणजे यंत्राला आपली मूळ जागा पुन्हा शोधायला लावावे, आणि काम किमान वीस ओळी मागून सुरू करावे, कारण ग्रबलच्या आत पंधराएक हालचाली आधीच रांगेत असतात. कोरलेल्या जागेवरून बिट पुन्हा फिरल्याने लाकडाचे काही बिघडत नाही. मात्र मधूनच सुरुवात करताना मिलिमीटर, निरपेक्ष मापे (शून्यबिंदूपासून मोजलेली), फीड (सरकण्याचा वेग) आणि स्पिंडल यांच्या आज्ञा आधी पुन्हा द्याव्या लागतात. कामाचा शून्यबिंदू जी ५४ या कायम राहणाऱ्या नोंदीतच ठेवलेला असावा. जी ९२ या तात्पुरत्या आज्ञेने दिलेला रिसेटमध्ये पुसला जातो.

गेल्या दोन पोळ्यांत लाइन कितीदा गेली ते मी मोजलेले नाही, पण एकही पाट फेकावा लागला नाही. हे दादांनीही पाहिले आहे, तरी ते अजून मान्य करत नाहीत.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. लिमिट स्विच (यंत्र टोकाला पोहोचल्याचे सांगणारे) नसतील तर होमिंग नाही, आणि होमिंग नसेल तर वरची युक्ती फक्त पुढचे नुकसान टाळते, अर्धवट काम वाचवत नाही. लॅपटॉपची बॅटरी निदान पाच मिनिटे टिकणारी हवी. वीज थेट तोडणारे लाल बटण हाताशी असलेच पाहिजे. बोट बिटजवळ असताना स्क्रिप्टवर विसंबू नये. आणि यंत्राची वीज ज्या स्विचबोर्डावरून येते त्याच बोर्डावर लॅपटॉपचा चार्जर लावावा. आमचा आधी इन्व्हर्टरवर होता, त्यामुळे पहिल्याच चाचणीत लाइन जाऊनही त्या फाइलीत '१' हाच आकडा राहिला होता.