मैत्रीचा ‘पुरस्कार करणारे’ आणि ‘पुरस्कृत’ मान्यवर

एका वाचकाने निमंत्रणपत्रिकेतलं वाक्य पाठवलं आहे: ‘दोन देशांतील सांस्कृतिक मैत्रीचा पुरस्कार करणाऱ्या मान्यवरांना पुरस्कृत करण्यात येणार आहे.’ वाक्य कानाला खटकतं, पण नेमकं कुठे चुकतंय, असा त्यांचा प्रश्न आहे.

खटकण्याचं पहिलं कारण म्हणजे ‘पुरस्कृत’. हिंदीत ‘उन्हें पुरस्कृत किया गया’ हे अगदी सरळ वाक्य आहे. मराठीत मात्र हा शब्द पाठिंब्याचा आहे. ‘केंद्र पुरस्कृत योजना’ म्हणजे केंद्राने बक्षीस दिलेली योजना नव्हे आणि ‘पक्षपुरस्कृत अपक्ष उमेदवार’ म्हणजे पक्षाचा पुरस्कार मिळालेला उमेदवारही नव्हे. त्यामुळे ‘पुरस्कृत मान्यवर’ वाचलं की हे नेमके कोणाच्या बाजूचे, अशी शंका चाटून जाते. पुरस्कार मिळालेल्याला ‘पुरस्कारप्राप्त’ किंवा ‘पुरस्काराचे मानकरी’ म्हणावं. मला ‘मानकरी’ जास्त आवडतो, कारण त्यात मान आपसूक येतो.

दोन्ही अर्थांचं मूळ एकच. संस्कृतात ‘पुरस्’ म्हणजे पुढे आणि ‘पुरस्कार’ म्हणजे पुढे करणं. ‘पुरोहित’ हा शब्दही याच ‘पुरस्’वरून आला. विचार पुढे केला की तो त्या विचाराचा पुरस्कार, माणसाला मानाने पुढे आणलं की तो त्या माणसाला पुरस्कार. मराठीने हा फरक प्रत्ययावर तोलून धरला आहे: ‘चा पुरस्कार करणे’ आणि ‘ला पुरस्कार देणे’. म्हणून ‘पुरस्कर्ता’ म्हणजे पुरस्कार देणारा नव्हे. देणारा तो पुरस्कारदाता.

मग ‘मैत्रीचा पुरस्कार करणारे’ तरी बरोबर का? व्याकरणाने बरोबर आहे, पण बहुतेक वेळा ते अपुरं पडतं. पुरस्कार करायचा तो मताचा, धोरणाचा, सुधारणेचा. आगरकरांनी स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला, म्हणजे लेखणीने ते मत लावून धरलं. पण सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांनी मैत्रीचा पुरस्कार केला असं म्हणणं फार तोकडं वाटतं. ते मैत्री जगले. परकी भाषा शिकून भाषांतरं करणारे, दुसऱ्या देशातलं नृत्य वर्षानुवर्षं शिकवणारे लोक मैत्री ‘जोपासतात’, ‘वाढवतात’, ‘दृढ करतात’. ज्यांना गौरवायचं त्यांच्या कामाला साजेसं क्रियापद शोधणं हाही त्यांच्या गौरवाचाच भाग आहे, असं मला मनापासून वाटतं.

पुरस्कारांच्या बातम्यांत ‘किताब’ हा शब्दही सैलपणे येतो. ‘रावबहादूर’ हा किताब होता, तो नावाआधी लागायचा. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 18 ने किताब रद्द केले आणि भारतीय नागरिकाने परदेशी राज्याकडून किताब घेण्यालाही मनाई केली. पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, ते नावाच्या मागेपुढे लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केलं. म्हणून दुसऱ्या देशाने आपल्या माणसाला गौरवलं, तर ‘किताब’ नव्हे, ‘सन्मान’ किंवा ‘पुरस्कार’ लिहावं. 1965 साली सुरू झालेल्या, आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीच्या जवाहरलाल नेहरू सन्मानालाही ‘पुरस्कार’च म्हटलं जातं, ते योग्यच आहे.

‘दोन देशांतील’ही मी बदलेन. देशांच्या आतली मैत्री की दोहोंमधली, हे त्यातून चटकन उमगत नाही. ‘दोन देशांमधील’ लिहिलं की प्रश्नच उरत नाही. मी ते वाक्य असं लिहीन: ‘दोन देशांमधील सांस्कृतिक मैत्री जोपासणाऱ्या मान्यवरांना पुरस्कार देऊन गौरवण्यात येणार आहे.’