“शिक ना, पण घरचं सांभाळून”

प्रश्न : ताई, मी नाशिकची, वय ३४. बीएससी केमिस्ट्री. लग्नाआधी आणि नंतर मिळून ६ वर्षं अंबडला एका कंपनीच्या लॅबमध्ये होते, मुलगी झाल्यावर सोडलं. आता ती पहिलीत आणि मुलगा ३ वर्षांचा. मला बीएड करायचंय. मिस्टरांची शिफ्टची नोकरी, नाईटही असते. ते नाही म्हणत नाहीत, म्हणतात शिक ना, कोणी अडवलंय, फक्त घरचं सांभाळून कर. सासूबाईंचे गुडघे गेलेत त्यामुळे त्यांच्यावर मुलं टाकणं बरं वाटत नाही. परत वाटतं मुलं लहान आहेत तोवर घरीच थांबावं. डोकं चालेनासं झालंय.

उत्तर : तुमच्या मिस्टरांचं वाक्य मी आत्तापर्यंत इतक्या पत्रांत वाचलंय की काय सांगू, आणि दर वेळी लिहिणारी म्हणते की ते तसे चांगले आहेत हो. असतीलच. पण “घरचं सांभाळून” म्हणजे काय ते त्यांना एकदा विचारा, भांडायला नाही, खरंच विचारा. सकाळचे डबे कोण करणार, धाकट्याला ताप आला तर रजा कोणाची, साडेबाराला मुलीला रिक्षातून उतरवून घ्यायला कोण. २०१९च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो असं निघालं आणि ते करणाऱ्या पुरुषांचा ९७, म्हणजे तुमची पाच तासांची एक शिफ्ट आधीच चालू आहे, त्यावर कॉलेज ठेवायचं म्हणताय.

आणि बीएड घरबसल्या होत नाही बरं का. आता २ वर्षांचं आहे, हजेरी ८० टक्के लागते, शाळेतल्या इंटर्नशिपला ९०. ती इंटर्नशिप एकूण २० आठवड्यांची, त्यातली १६ दुसऱ्या वर्षात, त्या दिवसांत तुम्ही सकाळी मुलांच्या आधी घराबाहेर पडलेल्या असाल. मुक्त विद्यापीठाचं बीएड आहे पण ते आधीच शिक्षक असलेल्यांसाठी, तुम्हाला नाही चालणार.

नोकरीचंही खरं ते सांगते. पहिली ते पाचवीला बीएड चालत नाही, सुप्रीम कोर्टानं २०२३मध्ये ते स्पष्ट केलंय. सहावी ते आठवीला टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा लागते, अनुदानित शाळेत जायचं तर वर अभियोग्यता परीक्षा आणि पवित्र पोर्टल, म्हणजे सरकारचं शिक्षकभरतीचं पोर्टल. खाजगी शाळेत लवकर लागाल, पगार मात्र लॅबपेक्षा कमी असू शकतो. तरी सायन्स-मॅथ्स शिकवणारी बाई शाळांना हवी असते आणि वेळ मुलांच्या वेळेशी जुळतो, त्यामुळे विचार चुकीचा नाही तुमचा.

मी तुमच्या जागी असते तर यंदा नसतं केलं, धाकटा बालवाडीत बसला की केलं असतं. पण हे “बघू पुढे” असं सोडायचं नाही, मिस्टरांशी वर्ष ठरवून टाकायचं, आणि दुसऱ्या वर्षीच्या त्या १६ आठवड्यांत ते काय काय उचलणार तेही आत्ताच. शिफ्ट बदलून मिळते का, पोळ्यांना बाई लावायची का (लावाच, पोळ्या स्वतः केल्यानं कोणाचा संसार टिकलेला मी पाहिला नाही). सासूबाईंना पण विचारा ना, मुलं उचलणं नाही जमणार पण दार उघडून नातीला वाढणं जमेल कदाचित, आपणच परस्पर ठरवतो त्यांना काय झेपेल ते.

घरी थांबताय तोवर पैशाचं मात्र बघा, इथं बायका गप्प बसतात. लॅबचा पीएफ काढला नसेल तर काढू नका, त्यातल्या पेन्शनला नोकरीची १० वर्षं लागतात, तुमची ६ झालेली आहेत, पुढे शाळेत पीएफ लागला तर त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) जोडून घेता येतात. आणि तुमच्या नावावर पीपीएफ उघडा, मिस्टरांच्या पगारातून दरमहा काहीतरी त्यात गेलं पाहिजे. मागायचं कसं असं वाटेल, पण तुम्ही घरी आहात म्हणून ते निवांत नाईट करू शकतात, मग त्या पगारात तुमचाही वाटा नाही का?

बीएडच्या प्रवेश परीक्षेचे, सीईटीचे फॉर्म साधारण वर्षाच्या सुरुवातीला निघतात. ओपनला पदवीला ५० टक्के लागतात, तेवढे आहेत का बघा आणि मार्कशीट शोधायला लागा, बहुतेक माहेरच्या कपाटात असेल.