मुलीला जेआयए (लहान मुलांचा संधिवात) आहे, मेथोट्रेक्सेट सुरू आहे. सोबत वैद्यांची पुडी आणि मालीश चालेल का?

ताई, मी कोल्हापुरात लहान मुलांची फिजिओथेरपी करते. मुलगी सहा वर्षांची, दोन्ही गुडघे सुजलेले, मेथोट्रेक्सेट सुरू होऊन महिना झाला तरी फरक नाही, आणि सासूबाई म्हणतायत की हे कॅन्सरचं औषध बंद करून गावाकडची पुडी आणि हाडवैद्याची मालीश सुरू करा, असं तुम्ही लिहिलंय. सरळच सांगते. तेल लावा, झटका देऊ देऊ नका. पुडी नको. आणि मेथोट्रेक्सेट परस्पर बंद करू नका, सांगणारं माणूस घरातलं कितीही मोठं असो.

महिन्यात फरक नाही यात नवल काहीच नाही. हे औषध लागू पडायला साधारण सहा ते बारा आठवडे जातात. नेमके याच काळात घरचे कंटाळतात आणि दुसरं काहीतरी सुरू होतं. मग दहाव्या आठवड्याला सूज उतरली की श्रेय पुडीला! हे इतक्या घरांत बघितलंय की आता मी वाद घालायचंही सोडलंय. कॅन्सरचं औषध म्हणाल तर औषध तेच, पण सांध्यांसाठी डोस फार कमी असतो आणि तोही आठवड्यातून एकदाच. (चुकून रोज दिलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा आणि गोळी एकाच माणसाने द्यायची.)

आता पुडी. एका आजींनी पदराच्या गाठीतून काढून मला दाखवली होती. पारदर्शक पिशवीत विटकरी चूर्ण, सोबत काळ्या गोळ्या, वर ना नाव ना घटक, नुसतं पेनानं 'सकाळ-संध्याकाळ'. "दोन दिवसांत पोरगं पळाय लागलं बघा," म्हणाल्या. महिनोन्‌महिने सुजलेला सांधा दोन दिवसांत उतरला की मला आनंद कमी आणि शंका जास्त येते, कारण सांधेदुखीच्या निनावी चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार पुन्हा पुन्हा उघडकीला आलेत. पोराचे गाल गोबरे होतात, भूक वाढते, घरचे म्हणतात अंगी लागतंय. आतून उंची खुंटत असते, हाडं ठिसूळ होत असतात. तुमच्याकडे गुपचूप सुरू झालंच असेल तर तेही एकदम तोडू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असू शकतं. पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

भस्मांचंही तसंच. 2004 मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. मोठ्यांचं एक वेळ सोडा, वाढत्या मेंदूला शिसं अजिबात परवडत नाही. गुळवेल तर आपल्याकडे कोरोनापासून घरोघरी. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नाही. तो वाद त्यांचा चालू दे. तुमचा प्रश्न साधा आहे: मेथोट्रेक्सेट यकृतावर ताण देऊ शकतं म्हणूनच तुमची रक्ततपासणी होते, आणि उद्या एसजीपीटी (यकृताच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलं तर दोष गोळीचा की काढ्याचा हे कुणाला कळणार? आयुर्वेदावर विश्वास असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडे फाईल घेऊन जा आणि त्यांची चिठ्ठी संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. फाईल बघायलाच नको म्हणणाऱ्या वैद्यांकडून काही घेऊ नका.

हाडवैद्यांबद्दल आमच्या तालमींच्या गावात वाकडं बोलणं अवघड आहे. पैलवानाची लचक उतरवणारे हात मी बघितलेत, त्यांना मानतेही. पण तुमच्या मुलीचा गुडघा निखळलेला नाही, त्याच्या आतलं अस्तर सुजलंय. तिथे ओढाताण केली तर दुखणं वाढतं, इजा होते. आणि गुडघ्याला बिब्बा लावू नका, कृपा करून. पोळलेली कातडी घेऊन आलेली मुलं बघवत नाहीत.

मालीश मात्र जरूर करा, पण तुमच्याच हाताने. 1997 च्या एका छोट्या अभ्यासात आईवडिलांनी संधिवात असलेल्या मुलांना महिनाभर रोज 15 मिनिटं मालीश केली, तर मुलांचं दुखणं आणि भीती दोन्ही कमी झालं. औषधाची जागा त्याने घेतली नाही, सोबत होतं. कोमट तीळतेल किंवा नारळाचं, मांडी आणि पोटरीवर हलक्या हाताने, गरम लागणारा सुजलेला सांधा सोडून. सकाळी अंग आखडलेलं असतं तेव्हा कोमट पाण्याची अंघोळ. निर्गुंडीच्या पाल्याचा शेक घरात चालत असेल तर चालू द्या, चटका आधी स्वतःच्या मनगटावर बघा. पोहणं उत्तम.

रात्री गुडघ्याखाली उशी ठेवता का? मायेने सगळेच ठेवतात, पण गुडघा वाकलेलाच राहिला की हळूहळू सरळ व्हायचा थांबतो. ती काढा. आणि दूध, दही, अंडी 'वातूळ', 'आंबट' म्हणून बंद केली असतील तर पुन्हा सुरू करा, हाडांना ती हवीत. पांढऱ्या रश्श्यानेही काही बिघडत नाही.

पुढच्या तारखेला घरात असेल नसेल ते चूर्ण, काढा, होमिओपॅथीच्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. डॉक्टर ओरडतील म्हणून बरेचजण लपवतात. ओरडू देत की!

डोळ्यांची तपासणी झाली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. या आजारात काही मुलांच्या डोळ्यात आतून सूज येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही, आणि नजर जाऊ शकते. स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्राखालीच ते दिसतं, म्हणून काही प्रकारांत दर तीन महिन्यांनी बघावं लागतं. झाली नसेल तर सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) किंवा तुमच्या जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा, आणि 'जेआयए आहे' हे आधी सांगा.